सोनखताचे प्राध्यापक : अप्पासाहेब पटवर्धन

दरवर्षी १५ सप्टेंबरला आपण विश्वेश्वरय्यांच्या फोटोला हार घालतो, दोन भाषणं होतात, चहा-समोसा होतो. त्याबद्दल तक्रार नाही. पण सांडपाणी आणि मैला या विषयात ज्यांचा फोटो आपल्या एन्व्हायर्नमेंट लॅबमध्ये असायला हवा, असे एक गृहस्थ कोकणात होऊन गेले. ते इंजिनिअर नव्हते, तत्त्वज्ञानाचे प्राध्यापक होते. त्यांचं नाव मला कळलं ते पोशेऱ्याच्या शिबिरात, एका बंद खड्ड्यापाशी.

पोशेरा पालघर जिल्ह्यात, मोखाडा तालुक्यात. डोंगरउताराची शेती, नागली आणि वरई, पावसाळ्यात धो धो पाणी आणि एप्रिल-मे उजाडला की हंड्यांची रांग. आमचं राष्ट्रीय सेवा योजनेचं सात दिवसांचं शिबिर तिथल्या एका पाड्यावर होतं. काम शोषखड्ड्यांचं. एका घरी दोन खड्ड्यांचा संडास आधीपासून होता. पहिला खड्डा भरल्यामुळे बंद करून दोन वर्षं झाली होती आणि दुसरा आता भरत आला होता. पुस्तकात हे फार सोपं आहे. पहिला खड्डा उघडायचा, आतलं खत काढायचं, शेतात टाकायचं आणि पाइपाचं तोंड पुन्हा पहिल्याकडे वळवायचं. पण घरच्या काकांनी साफ नकार दिला. शेणात कोपरापर्यंत हात घालणारा माणूस, पण हे नाही म्हणाले. तुम्ही शिकलेले आहात, तुम्ही काढा, असंही त्यांनी हसत हसत सुचवलं. आम्ही सोळा जण होतो. सोळाही जण आपापल्या बुटांकडे बघायला लागलो. दोन खड्ड्यांची आकृती आम्ही पेपरात स्केल लावून काढली होती, मार्कही मिळवले होते. त्या दिवशी झाकण काही उघडलं नाही.

सरांनी आम्हाला झापलं नाही. रात्री खिचडी झाल्यावर त्यांनी अप्पासाहेब पटवर्धनांची गोष्ट सांगितली. परत आल्यावर मी त्यांचं 'माझी जीवनयात्रा' हे आत्मचरित्र शोधून काढलं, आणखी दोन-चार ठिकाणी वाचलं. हा लेख त्यातून.

सीताराम पुरुषोत्तम पटवर्धन यांचा जन्म ४ नोव्हेंबर १८९४ चा, रत्नागिरी जिल्ह्यातल्या आगरगुळ्याचा. (स्वातंत्र्यलढ्यातले नगरचे अच्युतराव आणि रावसाहेब पटवर्धन वेगळे. आडनावामुळे गोंधळ होतो, माझाही झाला होता.) कोकणस्थ ब्राह्मणाचं घर. त्या काळी अशा घरांत सोवळं-ओवळं किती होतं हे आपण आजीकडून ऐकलेलं असतं. मैला उचलणारा माणूस घराच्या पुढच्या दाराने कधी आत येत नसे. त्याच्यासाठी मागची बोळ असे आणि संडासाच्या मागे टोपली ओढून घेण्यासाठी एक छोटं दार. मुलगा अतिशय हुशार, संस्कृत आणि तत्त्वज्ञान हे आवडीचे विषय. पुण्यात शिकून एम. ए. झाला, तिथेच प्राध्यापकी मिळाली. पुढचं सगळं आखलेलं होतं, म्हणजे पगार, पुस्तकं, निवृत्ती. आजच्या भाषेत सांगायचं तर प्लेसमेंट झालेली होती.

ती नोकरी सोडून अप्पा १९२० च्या आसपास गांधीजींकडे साबरमतीला गेले. गांधीजींच्या आत्मकथेचा मराठी अनुवाद त्यांचाच. तुमच्यापैकी ज्यांनी ते पुस्तक मराठीतून वाचलं असेल त्यांनी अप्पांचंच मराठी वाचलंय, बहुधा अनुवादकाचं नाव न बघता. पण अप्पांनी साबरमतीत एक दुसरी गोष्टही शिकून घेतली. आश्रमात मैला उचलायला पगारी माणूस नव्हता. पाळ्या लावलेल्या होत्या. ज्याची पाळी त्याने बादल्या उचलायच्या, शेतात काढलेल्या चरात रिकाम्या करायच्या आणि वर माती ओढायची.

इथे थोडं थांबू, कारण हा चर म्हणजे सगळ्या गोष्टीचं मूळ आहे. गांधीजी इंग्लंडमधल्या डॉ. पूअर यांचा आधार घेऊन सांगत की मैला ९ ते १२ इंचांपेक्षा खोल पुरू नये. आपल्याला वाटतं, घाण आहे ना, मग जितकी खोल तितकी बरी. प्रत्यक्षात उलट आहे. जमिनीच्या वरच्या वीतभर थरात हवा खेळती असते आणि जिवाणूंची खरी वस्ती तिथेच असते. ते सेंद्रिय पदार्थ खाऊन त्याची माती करतात, अमोनियाचं नायट्रेट करतात. सहा फूट खाली प्राणवायू नाही, त्यामुळे तिथे ते काम रेंगाळतं, वास येत राहतो आणि पाण्याची पातळी जवळ असेल तर विहीर नासते. आपण अ‍ॅक्टिव्हेटेड स्लजच्या टाकीत ब्लोअर लावून हवा सोडतो आणि विजेचं बिल भरतो. चरात ते काम माती फुकट करते, फक्त हळू करते. तत्त्वज्ञानाच्या प्राध्यापकाला ही प्रक्रिया हाताने कळली. आम्हाला सहाव्या सेमिस्टरपर्यंत कागदावर कळली होती.

पुढे अप्पा रत्नागिरीला परतले. राष्ट्रीय शिक्षण, खादी, अस्पृश्यतानिवारण अशी कामं केली. १९३० च्या मे महिन्यात शिरोड्याला मिठाचा सत्याग्रह झाला, त्यात ते पुढे होते. तुरुंगवाऱ्या सुरू झाल्या आणि १९३२ साली रत्नागिरीच्या तुरुंगात असताना ती घटना घडली जिच्यामुळे त्यांचं नाव देशभर पोचलं.

तुरुंगात कामं जातीवर वाटलेली होती. मैला उचलण्याचं काम ठराविक जातीच्या कैद्यांनाच, मग तो कैदी बाहेर काहीही करत असो. अप्पांनी ते काम आपल्याला द्यावं अशी मागणी केली. नियमात बसत नाही, असं उत्तर आलं. म्हणजे गंमत बघा, सत्याग्रही माणूस सक्तमजुरीतलं सगळ्यात घाणेरडं काम मागतोय आणि सरकार त्याची जात सांभाळतंय! अप्पांनी अन्न कमी केलं, उपोषणाचा मार्ग धरला. ही बातमी येरवड्याला गांधीजींपर्यंत पोचली. पुणे करार होऊन जेमतेम दोन-अडीच महिने झाले होते, त्यांची प्रकृती सावरत होती. तरीही सरकारशी पत्रव्यवहार करून उपयोग होईना, तेव्हा ३ डिसेंबर १९३२ ला गांधीजींनी अप्पांसाठी उपवास सुरू केला. सरकारकडून आश्वासन आल्यावर दोन दिवसांत तो सुटला. शेवटी ज्याला स्वतःहून हे काम करायचं आहे त्याला जातीच्या कारणाने अडवायचं नाही, एवढं सरकारला मान्य करावं लागलं.

मला ही गोष्ट पहिल्यांदा ऐकताना थोडी नाटकी वाटली होती, खोटं कशाला बोला. आणि त्यावर जी टीका झाली आहे तीही लेखात यायला हवी. बाबासाहेब आंबेडकरांनी सफाईच्या कामाचा गौरव करण्याच्या गांधीवादी पद्धतीवर कडाडून हल्ला चढवला होता. ज्याला या कामातून बाहेर पडायचा रस्ताच ठेवलेला नाही त्याला हे काम किती पवित्र आहे ते सांगण्यात काय अर्थ, हा त्यांचा मुद्दा आहे आणि तो आजही खोडून काढता येत नाही. ब्राह्मण प्राध्यापकाने हौसेने टोपली उचलली तर तो महात्म्याचा शिष्य ठरतो. जो रोज उचलतो त्याला चहासुद्धा वेगळ्या कपात मिळत होता.

पण अप्पा टोपलीपाशी थांबले नाहीत. स्वतः टोपली उचलून झाल्यावर ते या प्रश्नाला भिडले की टोपलीच नको अशी रचना करता येईल का. मन बदला हे तर त्यांनी सांगितलंच, पण जोडीला संडास बदलायला घेतला. हा सरळ सरळ डिझाइनचा प्रश्न आहे, आणि म्हणून मी त्यांना आपल्या मॅगझिनमध्ये आणतोय.

१९४८ साली त्यांनी कणकवलीत, गड नदीच्या परिसरात, गोपुरी आश्रम सुरू केला. (तेव्हा कणकवली रत्नागिरी जिल्ह्यात होती. सिंधुदुर्ग १९८१ चा.) गोपुरीत त्यांनी जी कामं काढली ती सगळी गावाने नाक दाबून दूर ठेवलेली होती. मेलेली गुरं सोलणं, कातडी कमावणं, हाडांचं खत आणि मैल्याचं खत. मेलेलं ढोर सोलायला त्यांनी स्वतः सुरी हातात घेतली. नातेवाइकांना आणि गावाला काय वाटलं असेल याची कल्पना करा. मैल्याच्या खताला मराठीत 'सोनखत' असा जुना शब्द आहे. अप्पांनी तो शब्द उचलला आणि आयुष्यभर मिरवला.

गोपुरीतला संडास समजून घेण्यासारखा आहे. कोकणात पाऊस तीन हजार मिलिमीटरच्या घरात पडतो. तिथे खोल खड्डा खणला की जुलैमध्ये त्याची विहीर होते. म्हणून शेजारी शेजारी दोन कप्पे. वापर झाला की वर मूठभर माती, राख किंवा पालापाचोळा टाकायचा. एक कप्पा भरला की तो बंद करून दुसरा सुरू. दुसरा भरेपर्यंत पहिल्यातल्या मैल्याची माती झालेली असते, ती मागून काढून घ्यायची. पाणी कमी लागतं, गटार लागत नाही आणि मुख्य म्हणजे ताजा मैला कोणालाच उचलावा लागत नाही. जे काढायचं ते काढायच्या वेळी मैला राहिलेलं नसतं.

यात यंत्र काहीच नाही. ताजं आणि जुनं एकमेकांत मिसळू द्यायचं नाही, वरून झाकायचं आणि ठरलेला काळ जाऊ द्यायचा. या काळाबद्दल मात्र कडक असावं लागतं. पटकीचे जिवाणू मातीत फार दिवस तग धरत नाहीत, पण जंताची अंडी भारी चिवट. ओलसर मातीत ती वर्ष-दोन वर्षं, कधी त्याहून जास्त टिकतात. त्यामुळे दीड-दोन वर्षं खड्डा बंद ठेवा असं सांगतात तेव्हा ती सरकारी आकडेमोड नसते, त्या अंड्यांचं आयुष्य मोजलेलं असतं. ढिगाचं तापमान ५५ अंशांच्या वर काही दिवस टिकवलं तर हे काम लवकर होतं. खड्डा तितका तापत नाही, म्हणून त्याला कॅलेंडर लागतं.

पुढे अप्पांनी मैल्यावर चालणाऱ्या गॅसचाही पाठपुरावा केला. शेणाच्या गोबरगॅसवर चहा करून प्यायला कोणाची ना नव्हती, पण संडास जोडलेल्या गॅसवर भाकरी भाजायची म्हटल्यावर लोक दचकायचे. हा धागा देहूच्या डॉ. मापुसकरांनी पुढे नेला. डॉक्टर म्हणून गावात आले, पेशंट तपासता तपासता कंटाळले आणि संडास बांधायला लागले. मैल्यावरच्या त्यांच्या गॅस संयंत्राचं नाव 'मलप्रभा'. त्यांना २०१७ साली मरणोत्तर पद्मश्री मिळाली. गुरू-शिष्यांपैकी एकही इंजिनिअर नाही, हे आपण जरा मनाला लावून घ्यायला हरकत नाही.

त्याच काळात, १९४९ साली, मुंबई सरकारने सफाई कामगारांच्या स्थितीची चौकशी करायला बर्वे समिती नेमली होती. तिचा अहवाल १९५२ साली आला. माणसं गळक्या टोपल्या डोक्यावरून वाहतात, हे तेव्हा सरकारी कागदावर नीट लिहिलं गेलं. अप्पा भंगीमुक्तीचा विषय घेऊन महाराष्ट्रभर फिरत राहिले. (हा शब्द आज आपण वापरत नाही आणि वापरूही नये. कार्यक्रमाचं नाव तेव्हा तसं होतं म्हणून लिहिला.) हाताने मैला उचलण्यावर बंदी घालणारा पहिला केंद्रीय कायदा १९९३ चा, दुसरा जास्त कडक २०१३ चा. अप्पांच्या तुरुंगातल्या मागणीपासून मोजलं तर पहिल्या कायद्यालाच साठ वर्षं लागली.

आता एक प्रश्न. अप्पांचा कप्पा घराएवढा होता. तोच शहराएवढा झाला तर?

मोखाड्यातून शहराकडे बघायला एक सोपी वाट आहे, पाण्याची. याच तालुक्यात कोचाळ्याला मध्य वैतरणा धरण आहे. तिथून मुंबईला रोज ४५५ दशलक्ष लिटर पाणी जातं. पोशेऱ्याच्या आसपासच्या डोंगरांवर पडलेला पाऊस घाटकोपरच्या नळाला येतो, बेसिनमधून, फ्लशमधून खाली जातो आणि मलनिस्सारण केंद्रात पोचतो. मुंबईत वरळी, धारावी, वांद्रे, मालाड, घाटकोपर, भांडुप आणि वर्सोवा अशा सात ठिकाणी नव्या केंद्रांचं काम काढलं आहे. त्यांचं भूमिपूजन जानेवारी २०२३ मध्ये झालं आणि एकूण क्षमता रोजची २,४६४ दशलक्ष लिटर. यातल्या घाटकोपर, भांडुप, वर्सोव्याला आधीपासून लगूनची, म्हणजे हवा मारलेल्या मोठ्या तळ्यांची, केंद्रं होती. असं जुनं तळं किंवा जुनी सांडपाण्याची शेती जिथे असेल तिथे नव्या टाकीचा पाया खणायचा म्हणजे काय, हे मी एकदा जवळून पाहिलंय.

मुंबईत नव्हे. इंटर्नशिपला मी एका गावच्या प्रकल्पावर होतो, गावाचं आणि कंपनीचं नाव लिहीत नाही. जुन्या तळ्याचा तळ खणला जात होता. वरचा थर काळा-करडा, चिकट, वास मारणारा. त्याखाली पिवळा स्वच्छ मुरूम. पोकलेन दोन्ही एकत्र उपसत होतं आणि एकाच ढिगात टाकत होतं. ढीग दोन दिवस उन्हात वाळला की वास जायचा. मग तो डंपरने गावाबाहेरच्या एका सखल प्लॉटवर भरावाला जायचा. खड्ड्यात साचलेलं पाणी पंपाने थेट पावसाळी नाल्यात. घमेली उचलणाऱ्या बायकांच्या पायात स्लीपर. मी सुपरवायझरना विचारलं. वाळली की मातीच ती, असं त्यांचं म्हणणं. मीही पुढे काही बोललो नाही, मला सर्टिफिकेटवर सही हवी होती.

पोशेऱ्यातला खड्डा आणि हा ढीग एकमेकांशेजारी ठेवून बघा. पोशेऱ्यातल्या मातीला दोन वर्षं झाली होती. एका कुटुंबाचा मैला, त्यात दुसरं काही नाही. ती बहुतेक निर्धोक झालेली, पण तिला हात लावायला सोळा इंजिनिअर तयार नाहीत. साइटवरची माती खरोखर धोक्याची, पण वास गेला म्हणून ती साधी माती झाली आणि कोणाच्याही अंगणात जायला मोकळी झाली. शिवाय शहराच्या गटारात नुसता मैला नसतो. गॅरेजचं तेल असतं, प्लेटिंगच्या कारखान्याचं क्रोमियम असतं, शिसं, कॅडमियम असतं. हे धातू पाण्यातून गाळात बसतात आणि गाळाखालच्या मातीत उतरतात. जंताची अंडी दोन वर्षांनी मरतील. कॅडमियम मरत नाही, दोनशे वर्षांनीही ते कॅडमियमच असतं. अप्पांच्या पद्धतीत काळ हे औषध होतं. इथे ते औषध लागू पडत नाही. खत नियंत्रण आदेशात शहरी कंपोस्टसाठी किलोमागे कॅडमियम ५ मिलिग्रॅम आणि शिसं १०० मिलिग्रॅम ही वरची मर्यादा आहे. ढिगातल्या मातीत किती होतं? कोणी तपासलंच नव्हतं.

मग करायचं काय? खणण्याआधी जुना नकाशा बघून तळं कुठे होतं, गाळ कुठे टाकायचे ते खुणा करून घ्यायचं. चौकोन आखून वेगवेगळ्या खोलीवरचे नमुने काढायचे आणि धातू, तेल, जंतू तिन्ही तपासायचे. काळा थर वेगळा उपसायचा, मुरूम वेगळा. काळ्या ढिगाखाली जाड प्लॅस्टिक, वर ताडपत्री, भोवती बांध आणि तिथून झिरपलेलं पाणी नाल्यात न सोडता परत केंद्राच्या तोंडाशी. खड्ड्यातून उपसलेल्या पाण्याचंही तेच. मुरूम तपासणीत चांगला निघाला तर भरावाला खुशाल वापरावा, पैसेही वाचतात. नुसता मैल्याचा दोष असलेली माती झाकून मुरवता येते. धातूवाली माती मात्र घातक कचऱ्याच्या अधिकृत केंद्रातच गेली पाहिजे, आपल्याकडे तळोज्याला तसं केंद्र आहे. त्यासाठी २०१६ चे घातक कचऱ्याचे नियम आहेत आणि २०२५ साली दूषित जागांसाठी वेगळे केंद्रीय नियमही आले. कोणत्या डंपरमधून काय, कधी आणि कुठे गेलं याची वही ठेवायची. कामगारांना गमबूट, हातमोजे, साबण-पाणी आणि धनुर्वात-टायफॉइडच्या लसी द्यायच्या. यातलं अवघड असं काहीच नाही. ताजं-जुनं वेगळं ठेवा आणि झाकून ठेवा, हे गोपुरीत सत्तर वर्षांपूर्वी चाललेलंच होतं. आपण त्यात प्रयोगशाळा वाढवायची आहे, एवढंच.

एक गोष्ट मात्र अप्पांकडे होती आणि त्या साइटवर नव्हती. गोपुरीत ज्याचा मैला, त्याच्याच शेतात ती माती जायची, म्हणून ती नीट मुरली की नाही याची काळजी त्याला स्वतःलाच होती. साइटवरची माती ज्या प्लॉटवर गेली तिथे राहायला येणाऱ्यांना कोणी काही सांगितलेलं नाही. त्यांनी वेल लावले असतील, भाज्या लावल्या असतील.

अप्पांची शेवटची वर्षंही याच कामात गेली. विनोबांच्या भूदानातही ते होते. कोकणाने त्यांना 'कोकणचे गांधी' म्हटलं. माझं मत विचाराल तर ती पदवी थोडी अन्यायाची आहे, कारण ती ऐकली की चरखा डोळ्यासमोर येतो आणि दोन कप्प्यांचा संडास राहून जातो. १० मार्च १९७१ ला ते वारले. गोपुरी आश्रम अजून आहे. मुंबई-गोवा हायवेने कणकवलीवरून जाताना आपण मिसळ खायला थांबतो, तिथून तो लांब नाही.

राहिला पोशेऱ्याचा खड्डा. गोष्ट ऐकल्यावर आम्ही सगळे भारावून उठलो आणि फावडी घेऊन धावलो, असं काही झालं नाही. दुसरा दिवस तसाच गेला. तिसऱ्या दिवशी सकाळी सर एकटेच गेले, तोंडाला रुमाल, हातात मोजे, पायात गमबूट, आणि पहारीने झाकण सरकवलं. मग आमचा प्रतिनिधी गेला. मी चौथा होतो. आत काळपट, भुसभुशीत माती होती, तिच्यात शेजारच्या झाडाची बारीक मुळं शिरलेली. वास ओल्या जमिनीचा. तरी पहिलं घमेलं उचलताना माझे हात लांबच होते, फोटोत ते स्पष्ट दिसतंय.

काका ओट्यावरून बघत होते. भाजीत टाकू नका, जंताची शंका राहते, असं सरांनी त्यांना सांगितलं. मग ती माती कुठे टाकायची ते काकांनीच दाखवलं. घरामागे मोगऱ्याची रोपं होती, त्यांच्या आळ्यांत. शेवटची चार आळी काकांनी स्वतःच्या फावड्याने भरली, न बोलता. दुपारी पाइपाचं तोंड पहिल्या खड्ड्याकडे वळवलं आणि दुसऱ्याच्या झाकणावर खिळ्याने त्या दिवसाची तारीख कोरली.